बंदुकीचं पाणी

आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकानं जरी विश्वास ठेवला, तर ह्या मिशा उतरवून देवळाच्या पायरीवर ठेवीन. आजवर कुणी ठेवलेला नाही, म्हणून तर मिशा शाबूत आहेत.

विषय काढला आमच्या नातसुनेनं. कीर्ती तिचं नाव, माहेर बेळगावचं, लग्नानंतरची पहिलीच खंडेनवमी. सकाळी बिचारीनं आमटीला चिंच लावली आणि माझ्या थोरल्या सुनेनं ते पातेलं उचलून म्हशीच्या घमेल्यात पालथं केलं. पोरगी रडकुंडीला आली. दुपारी शस्त्रांची पूजा झाल्यावर आम्ही रवळनाथाच्या सभामंडपात प्रसादाची वाट बघत बसलो होतो, तेव्हा ती माझ्यापाशी सरकली.

"नाना, आंबेघोळात खंडेनवमीला आंबट का चालत नाही? आमच्याकडं असलं काही नसतं."

पलीकडच्या खांबाला टेकून भिकाजी गुरव डोळे मिटून बसला होता. माझ्याच वयाचा. दात माझ्यापेक्षा कमी, पण कान माझ्यापेक्षा तिखट. मी खाकरलो तसा त्यानं एक डोळा उघडला, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा मिटला.

तर ऐक म्हटलं, पोरी.

त्या साली मी बहिणीकडून परत आलो तो तिठ्यावर उतरलो आणि आधी डोळे चोळले. गाव चंदेरी झालेलं! हापशाचा दांडा चंदेरी, एसटीच्या पाटीचा खांब चंदेरी, बैलगाड्यांच्या धावा चंदेरी. भिकाजीची म्हैस समोरून आली, तिच्या गळ्यातली साखळी चंदेरी, आणि साखळी रंगवताना ती हलली असणार, कारण तिचा एक कानही चंदेरी. तालुक्यानं सुंदर गावाची स्पर्धा लावली होती आणि आमचे सरपंच, संताजी देसाई, पहिला नंबर काढायचाच म्हणून पेटले होते. त्यांनी दवंडी दिली होती, "गावात गंजकं लोखंड दिसता कामा नये." आणि आजऱ्याहून पास्कू पेंटरला आणून त्याच्या हातात ऑइल पेंटचे डबे दिले होते.

पास्कू भला माणूस. सांगितलं तेवढं करणारा, आणि सांगितलं नसेल तर तेही करणारा.

मी देवळात आलो आणि कपाळावर हात मारला. आमच्या घराची कौलं उतरवून नवी घालायची होती, म्हणून आमची ठासणीची बंदूक मी तेवढ्यापुरती देवळात आणून ठेवली होती. आमची म्हणायची एवढंच. परवाना बघाल तर मालकाच्या जागी 'श्री देव रवळनाथ' असं लिहिलंय. पण सांभाळायची आम्ही गावड्यांनी, आणि दसऱ्याला सोनं लुटायच्या आधी पहिला बार उडवायचा तोही गावड्यांनी. पिढ्यांचा मान. ती बंदूक देवाच्या उजव्या बाजूला भिंतीशी उभी होती. नळी चंदेरी. घोडा चंदेरी. दस्ता, सागवानी दस्ता, तोही चंदेरी. लग्नातल्या बँडवाल्याचं वाजवायचं काहीतरी वाटावं अशी दिसत होती.

"पास्कू!" मी ओरडलो. "ह्ये काय केलंस मर्दा?"

पास्कू शिडीवरून घंटा रंगवत होता. "सरपंच म्हणाले गंजकं ठेवू नको. ही पार तांबूस झाली होती बघा. दोन हात मारले, पाच वर्षं बघायला नको."

आता इथं तुला एक गोष्ट सांगितली पाहिजे, कीर्ती, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तो तांबूस रंग म्हणजे गंज नव्हता. ते बंदुकीचं पाणी होतं. तलवारीला पाणी असतं तसं नळीला पाणी देतात. माझा आजा नळी दमट जागी ठेवून तिच्यावर गंज धरू द्यायचा, मग तो पुसून काढायचा, राहील तेवढा तेलात मुरवायचा, पुन्हा धरू द्यायचा. असं करत करत गंजच माणसाळतो. मग तो लोखंडाला खात नाही, राखण करतो. जुन्या चिंचोक्यासारखा रंग येतो, उन्हात धरला तर आतून लाल दिसतो. एकदा खरवडला की संपलं. तो हात, तो आजा परत आणायचा कुठून?

मी सरपंचांना गाठलं. ते पंचायतीसमोर कमान उभी करून घेत होते.

"संताजीराव, बंदूक रंगवली."

"व्हय की. कशी झकास दिसतीया! मी म्हणतो आता देवळाच्या कोपऱ्यात कशाला? ह्या कमानीवर मधोमध लावू. तपासणीचे साहेब आले की पहिली नजर तिच्यावर."

"आणि दसऱ्याचा बार?"

"त्याची नको काळजी. आमच्या विक्रमनं नवी डबलबारी घेतलीया. तो उडवील. तुझ्या त्या गंजक्या नळीत बार भरायचा म्हणजे कुणाचा तरी हात जायचा."

हे बघ, माणसानं मला शिवी दिली तर मी हसतो. माझ्या बैलाला दिली तरी ऐकून घेतो. पण आजानं दिलेल्या पाण्याला कुणी गंज म्हणायचा, आणि तेवढ्या निमित्तानं मान आपल्या घरात न्यायचा, हे म्हणजे फार झालं. कमानीखाली सगळं गाव गोळा झालं होतं. मी धोतराचा सोगा खोचला.

"सरपंच, मी रंग उतरवतो. सगळा. आणि पाणी राखून उतरवतो. खंडेनवमीला बंदूक देवापुढं ठेवीन. नळीवर नखाएवढा ओरखडा दिसला, पाणी कुठं फिकं झालं, तर गावड्यांनी मान सोडला. तुमचा विक्रम बार उडवू दे, मी टाळ्या वाजवतो."

"आणि न्हाई दिसला तर?"

"तर तुम्ही सगळ्या गावासमोर ह्या गंजक्या नळीला हार घालायचा. वाकून."

सरपंच हसले. "घालतो की. ऑइल पेंट हाय तो, रवळू. तो निघतो तो पॉलिशपेपरनं. आणि पॉलिशपेपर लावलास की तुझं पाणी गेलं वाहून."

खरंच होतं ते. घरी आल्यावर पास्कू पाठोपाठ आला. पाप केल्यासारखा चेहरा, हातात पॉलिशपेपरचं भेंडोळं. "नाना, मी काढून देतो. एका दिवसात चकचकीत—"

"ते भेंडोळं चुलीत घाल आधी! चकचकीत झाली तर माझा मान गेला आणि तुझा गळा मी धरला. तुझ्या डब्यात दुसरं काय हाय?"

"थिनर हाय."

"थिनर पेंटला खातं?"

"खातं की. ब्रश त्यानंच धुतो."

"आणि लोखंडाला?"

पास्कू विचारात पडला. असा विचार त्यानं आयुष्यात केला नव्हता. "ब्रशाच्या वरची पट्टी लोखंडाचीच असती," तो हळूच म्हणाला. "तिला तर काही होत नाही."

हे ऐकलं आणि मी त्याला मिठीच मारली.

बसलो आम्ही परसात, मोकळ्या हवेत, कारण त्या वासानं घरात माणूस टिकला नसता. आधी मी गज नळीत पार तळापर्यंत सोडला, आत जुना बार राहिलाय का ते बघायला. पास्कूनं घोड्याखाली बार पेटवायची टोपी बसवतात त्या जागेतही पेंट भरला होता, त्यामुळं फुंकून कळणार नव्हतं. रिकामी निघाली. मग पास्कूच्या कानावरची विडी काढून मी ती दूर गोठ्याच्या वळचणीला खोचून आलो. थिनर आणि विडी एका ठिकाणी बसले की तिसरं कुणी उरत नाही.

पहिला हात दिला तो नळीच्या पोटाला, जिथं ती दस्त्याला भिडते, कुणाला दिसत नाही अशा जागी. माझ्या घरातलीच्या, मालूच्या, जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा थिनरमध्ये भिजवून तिथं नुसता टेकवून ठेवला. दाबायचं नाही, घासायचं नाही. दोघं श्वास धरून बसलो. थोड्या वेळानं उचलला तर पेंटावर सुरकुत्या पडल्या होत्या, उकळलेल्या दुधावरच्या सायीसारख्या. बोटानं ढकलली साय, आणि खालून काय निघालं? चिंचोका! जसाच्या तसा.

"जित्ती हाय!" पास्कू ओरडला. त्यानं छातीवर क्रूस काढला आणि लगेच रवळनाथाच्या दिशेनं हातही जोडले.

मग रोज तेच. वीतभर नळीला ओला तुकडा गुंडाळायचा, साय धरली की कोरड्या मऊ फडक्यानं एकाच दिशेनं पुसून घ्यायची, आणि लगोलग तेलाचा हात. थिनर पेंटाबरोबर तेलही घेऊन जातं, आणि उघडी राहिलेली नळी रात्रीतून खरी गंजते. नळीवर आजानं कोरलेली वेलबुट्टी होती, तिच्या खाचांत पेंट रुतून बसलेला. तिथं सुई घातली असती तर ओरखडा ठरलेला. करवंदीच्या काट्यानं काढला एकेक कण. काटा मोडतो, पण लोखंडाला इजा करत नाही. दस्त्याला मात्र थिनर लावायचं नाही हे मीच ठरवलं. लाकडाचं पॉलिश पांढरं पडलं असतं. त्याला अळशीच्या तेलात भिजवलेलं फडकं बांधून ठेवलं, आणि पेंट फुगला की बांबूच्या कामटीनं अल्लाद उचकटला. नख लावावं तसा.

त्या थिनरच्या वासाचं काय सांगू! आमचा कोंबडा परसात फिरून फिरून झिंगला आणि भर दुपारी आरवायला लागला. शेजारची बाई पहाट झाली समजून अंगण झाडायला उठली. वरून जाणारे कावळे वाट चुकून कर्नाटकात गेले. आणि माझ्या नाकात ते असं जाऊन बसलं की मालू म्हणाली, "तुमच्या शिंकांनी नव्या कौलांचे सांधे सुटतील. बाहेरच निजा."

तिकडं सरपंच रोज एक माणूस पाठवायचे. कुंपणापलीकडून विचारायचा, "नाना, झालं का पाणी पाणी?"

"सरपंचांना सांग," मी म्हणायचो, "हार मोठा घ्या. नळी लांब हाय."

खंडेनवमी आली. देवापुढं पाट मांडला होता. त्यावर देसायांच्या तलवारी, भाला, शेतकऱ्यांचे कोयते, एसटी ड्रायव्हरचे पाने. सगळ्यांच्या मधोमध मी बंदूक ठेवली. दारातून आलेली उन्हाची तिरीप नळीवर पडली होती आणि नळी आतून लाल दिसत होती. दृष्ट लागू नये म्हणून म्हाताऱ्या बायकांनी कानशिलावर बोटं मोडली.

सरपंचांनी चष्मा लावला. वाकले. वरून बघितलं, उलटी करून बघितलं, विक्रमलाही बघायला लावलं. नखानं चाचपलं. ओरखडा सापडेना. मी हाराच्या ताटाकडं बघत उभा होतो.

"बरं केलंयस," सरपंच म्हणाले. चष्मा काढला, पुसला. आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "भिकाजी, चिंच आण."

"चिंच?" मी म्हटलं.

"आज देवाची सगळी शस्त्रं चिंचेनं घासून मगच पूजतात. तलवारी घासल्यात, भाला घासलाय. ही का राहिली?"

"ही कधीच घासत नाहीत. माझ्या घरून तेल लावूनच येती."

"तुझ्या घरून यायची तोवर ठीक होतं. आता पेंट लागलाय, थिनर लागलाय, कुणाकुणाचे हात लागल्यात. शुद्ध केल्याबिगर देवापुढं कशी चालंल?"

त्या 'कुणाकुणाचे'वर त्यांची नजर दाराकडं गेली. पास्कू चपला काढून पायरीखाली उभा होता. त्यानं मान खाली घातली आणि चपला पुन्हा पायांत सरकवायला लागला.

"थांब पास्कू!" मी ओरडलो. "जायचं नाही! सरपंच, ह्याच्या हातानं बंदूक बाटली असंल, तर तुमची पंचायत बाटली, देवळाची घंटा बाटली, आणि तुमच्या घराच्या खिडक्या तर आतून-बाहेरून बाटल्या. आधी त्या घासा चिंचेनं. मी धरतो शिडी."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. सरपंचांचा चेहरा लाल झाला. पण भिकाजी तोवर चिंचेचा कोळ घेऊन आला होता. मोठी वाटी, काठोकाठ. चिंच म्हणजे आंबट, आणि आंबट त्या पाण्याला असं खातं की पॉलिशपेपर परवडला. एक हात फिरला असता आणि सगळ्या गावासमोर नळी पांढरीफटक पडली असती. सरपंचांना हे माहीत होतं. त्यांच्याच घरी तलवारी होत्या की! आणि रीत त्यांच्या बाजूनं होती. रिवाजापुढं माझा ओरखडा नसणं काय कामाचं?

भिकाजीनं बोटं वाटीत बुडवली.

"हात लावू नको!" मी म्हटलं. "हिला आंबट वर्ज्य हाय!"

"काय?" सरपंच म्हणाले.

"आंबट वर्ज्य. रवळनाथाचीच आज्ञा. खंडेनवमीला ह्या बंदुकीला आंबट लागलं की गावाला बाधतं. आजानं सांगितलंय मला."

"तुझा आजा वारला तेव्हा तू पाळण्यात होतास!"

"म्हणूनच ध्यानात राहिलं. त्यानंतर एकदाही बोलला नाही."

सरपंच गप्प बसतील असं मला वाटलं होतं. पण ते देसाई होते. "ठीक," ते म्हणाले, "देवालाच विचारू. भिकाजी, कौल लाव. उजवी पाकळी पडली तर रवळूचं खरं, आंबट वर्ज्य. डावी पडली तर आत्ताच्या आत्ता घासायची, आणि उद्याचा बार विक्रमचा."

आता मागं हटायला जागा नव्हती. भिकाजीनं फुलाच्या पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या काळ्या पाषाणावर चिकटवल्या, एक उजव्या खांद्यावर, एक डाव्या. गाऱ्हाणं घातलं. "बा रवळनाथा, तुझ्या बंदुकीला आंबट चालतं का नाही, ते तूच सांग!"

कौल लागतो तेव्हा मानकऱ्यांनी गाभाऱ्याच्या उंबऱ्यात उभं राहायचं. देसायांनी देवाच्या डाव्या हाताला, गावड्यांनी उजव्या. मी उजवीकडं उभा होतो, समईच्या मागं. पाकळ्या हलेनात. सभामंडपात इतकी शांतता की पास्कूच्या पोटातली गुरगुर ऐकू येत होती. सरपंचांची डावी पाकळी जराशी सुटल्यासारखी वाटली. तिची कड उचलली. सरपंच पुढं झुकले. मी डोळे मिटले, श्वास रोखून धरला, आणि मनात म्हटलं, देवा, खोटं मी बोललो हे खरं. पण ह्या नळीवरचं पाणी खरं हाय. काय राखायचं ते तू ठरव.

आणि मग, कीर्ती, अंगावर काटा येतो बघ सांगताना, गाभाऱ्यात वारा नाही, झुळूक नाही, खिडकी नाही, आणि भप्पकन समई विझली! अंधार! बायकांनी किंकाळी फोडली. भिकाजीनं चाचपडत पुन्हा वात पेटवली. बघतो तर उजवी पाकळी देवाच्या पायाशी. डावी जागच्या जागी.

"उजवा!" भिकाजी ओरडला. "उजवा कौल!"

सगळं देऊळ दणाणलं. देवानंच दिवा घालवून सांगितल्यावर माणूस काय बोलणार? त्यांनी ताटातला हार उचलला, वाकले आणि नळीला घातला. मी पास्कूला उंबऱ्यापर्यंत ओढून आणला आणि ताटातल्या दुसऱ्या हाराची टोकं दोघांनी मिळून धरून तोही नळीला घातला. दुसऱ्या दिवशी सीमेवर मी जो बार उडवला, त्याचा आवाज पार आंबोलीच्या घाटात गेला. आणि तेव्हापासून, पोरी, आंबेघोळात खंडेनवमीला चिंच नाही, कोकम नाही, लिंबू नाही, ताकसुद्धा नाही. देवाची आज्ञा. तुझी आमटी म्हशीनं खाल्ली त्याचं वाईट वाटून घेऊ नको, म्हशीला कौल लागू नाही.

कीर्ती देवाकडं बघत हात जोडून बसली होती. डोळे असे मोठे झालेले. माझ्या मिशांवरून मी बोट फिरवलं. ही ठेवते विश्वास की काय, अशी भीती वाटायला लागली.

तेवढ्यात खांबाशी हालचाल झाली. भिकाजी गुरवानं दोन्ही डोळे उघडले होते.

"श्वास रोखून धरला होता म्हणे! शिंकलास की रं रवळ्या! समई विझली, पाकळी पडली आणि माझी मिशी भिजली!"